हवेतलं गंधक पावसात आणि बर्फात नेमकं कसं उतरतं?

प्रश्न असा आहे: कोळसा किंवा तेल जाळलं की सल्फर डायऑक्साइड हवेत जातो आणि पुढे पावसातून, बर्फातून सल्फ्युरिक आम्ल होऊन जमिनीवर येतो. हे नेमकं कसं घडतं? खाली पडणारे थेंब वाटेतला वायू धुऊन आणतात, एवढंच आहे का? बर्फात काही वेगळं होतं का? आणि धूर निम्मा केला तर पावसातलं गंधकही निम्मं होतं का?

पावसाच्या आणि बर्फाच्या नमुन्यांचं रासायनिक पृथक्करण हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा विस्तारानं लिहिते. ‘पाऊस हवा धुतो’ हे उत्तर चुकीचं नाही, पण त्यातून मुख्य गोष्ट निसटते. गंधकाच्या वायूचं आम्ल बहुतांशी ढगात बनतं. पाऊस सुरू होण्याच्या कितीतरी आधी, केसाच्या जाडीहूनही बारीक अशा तरंगत्या थेंबांमध्ये ते तयार झालेलं असतं. पाऊस आणि हिम ते खाली पोचवतात. आम्ल कुठे पडेल, कोणत्या ऋतूत जास्त पडेल, धूर कमी केल्यावर किती कमी होईल, या सगळ्यांची उत्तरं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

आधी वायू कुठून येतो ते पाहू. कोळशात गंधक दोन रूपांत असतं. काही पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजात, बारीक कणांच्या रूपात. काही कोळशाच्या सेंद्रिय भागातच बांधलेलं. जळताना दोन्हींचा सल्फर डायऑक्साइड होतो, थोडंसं राखेत राहतं. गंधकाचं प्रमाण 1 टक्का धरलं तर 1 टन कोळशात 10 किलो गंधक असतं. त्याचा सुमारे 20 किलो वायू होतो आणि तो सगळा आम्लात बदलला तर सुमारे 30 किलो सल्फ्युरिक आम्ल. वजन वाढत जातं, कारण प्रत्येक टप्प्यावर हवेतला ऑक्सिजन आणि पाणी त्यात सामील होतं. तांबं, निकेल, जस्त, शिसं यांची खनिजंही बहुधा सल्फाइडच्या रूपात असतात, त्यामुळे ती भाजणाऱ्या भट्ट्या हा दुसरा मोठा स्रोत. जहाजांचं जड इंधन हा तिसरा. निसर्गाचाही वाटा आहे: ज्वालामुखी सल्फर डायऑक्साइड सोडतात आणि समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू निघतो, जो हवेत पुढे गंधकाच्या त्याच साखळीत येऊन मिळतो.

आता ‘धुण्या’चा हिशेब करून पाहू. साधारण ढगाच्या एका घनमीटरमध्ये पाणी असतं जेमतेम अर्धा ग्रॅम. या पाण्यात सल्फर डायऑक्साइड विरघळतो, पण विरघळताना तो पाण्याशी जुळून बायसल्फाइट होतो आणि हायड्रोजन आयन (विद्युतभार असलेले कण) सोडतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी करतो. पाणी जितकं आम्लधर्मी होईल तितका तो पुढे कमी विरघळतो. प्रदूषित ढगाच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, 4 च्या आसपास असतो (सामू जितका कमी तितकं पाणी जास्त आम्लधर्मी). अशा वेळी ढगातल्या एकूण सल्फर डायऑक्साइडपैकी पाण्यात किती जातो? शंभरातला एक भाग, तोही थंड ढगात. उबदार ढगात त्याहूनही कमी. उरलेला सगळा थेंबांच्या मधल्या हवेतच राहतो. नुसत्या विरघळण्यावर भिस्त असती तर आपल्या बाटल्यांत गंधकाचा जेमतेम मागमूस लागला असता. प्रत्यक्षात ते भरपूर सापडतं. म्हणजे विरघळलेल्या वायूला पाण्यातून सतत कोणीतरी हलवतंय.

हे हलवणं म्हणजे ऑक्सिडीकरण. बायसल्फाइटला आणखी एक ऑक्सिजन मिळाला की त्याचं सल्फेट होतं. बायसल्फाइट, म्हणजे सल्फाइटचंच एक रूप, पुन्हा वायू होऊन उडून जाऊ शकतं, सल्फेट उडून जात नाही. ते पाण्यात अडकतं ते कायमचं. आणि बायसल्फाइट खर्ची पडलं की त्याच्या जागी हवेतून नवा वायू विरघळतो. तोही बदलतो, पुन्हा नवा येतो. थेंबाची क्षमता लहान असूनही तो तासाभरात आसपासच्या हवेतला बराच वायू खेचून घेऊ शकतो.

ऑक्सिजन देणारे कोण? हवेत 21 टक्के ऑक्सिजन आहे, पण तो या कामात एकटा फार मंद पडतो. खरं काम अत्यल्प प्रमाणात असलेले काही पदार्थ करतात. ढग नसताना, कोरड्या हवेत हायड्रॉक्सिल हा अतिशय चपळ मूलक (लगेच दुसऱ्याशी अभिक्रिया करणारा अस्थिर रेणू) सल्फर डायऑक्साइडवर हल्ला करतो; त्यातून सल्फर ट्रायऑक्साइड आणि पाण्याच्या वाफेशी मिळून सल्फ्युरिक आम्ल होतं. हायड्रॉक्सिल सूर्यप्रकाशातूनच बनतो, त्यामुळे हा मार्ग दिवसाच चालतो, आणि तोही सावकाश: उन्हाळ्याच्या भर दुपारी तासाला साधारण 1 टक्का. दिवस-रात्रीची सरासरी काढली तर केवळ या मार्गानं सगळा वायू संपायला आठवड्याहून जास्त वेळ लागेल.

ढगातले मार्ग यापेक्षा खूप वेगवान आहेत, आणि त्यांतला सर्वांत महत्त्वाचा हायड्रोजन पेरॉक्साइडचा. जखम धुवायला वापरतात तेच हे रसायन. सूर्यप्रकाशातल्या अभिक्रियांतून हवेत ते सतत तयार होत असतं. उन्हाळ्यात हवेच्या दर अब्ज रेणूंमागे त्याचा साधारण 1 रेणू असतो, हिवाळ्यात त्याहून बराच कमी. हे नगण्य वाटेल, पण पेरॉक्साइडला पाण्याची विलक्षण ओढ आहे. ज्या ढगात सल्फर डायऑक्साइडचा एक टक्काही पाण्यात जात नाही, त्याच ढगात पेरॉक्साइडचा निम्म्याहून अधिक भाग थेंबांत शिरतो. तिथे बायसल्फाइटशी त्याची गाठ पडली की मिनिटांमध्ये सल्फेट होतं.

या अभिक्रियेची एक खुबी आहे आणि माझ्या दृष्टीनं आम्लवर्षा इतकी आम्लधर्मी का होते याचं उत्तर तिच्यातच आहे. पाणी आम्लधर्मी होत जातं तसा सल्फर डायऑक्साइड कमी विरघळतो, हे वर आलंच. पण पेरॉक्साइडची अभिक्रिया आम्लाच्या उपस्थितीत वेगवान होते. एक गोष्ट घटते, दुसरी तितक्याच प्रमाणात वाढते, आणि एकूण वेग जवळजवळ तसाच राहतो. त्यामुळे थेंबाचा सामू 5 वरून 4 वर आला, त्याखाली गेला, तरी आम्ल बनणं थांबत नाही.

ओझोनचं याच्या उलट. तोही ढगात सल्फेट बनवतो, आणि सामू 5.5 च्या वर असेल तर पेरॉक्साइडलाही मागे टाकतो. पण पाणी आम्लधर्मी होऊ लागलं की त्याचा वेग झपाट्यानं कोसळतो. म्हणजे ओझोनचा मार्ग स्वतःच बनवलेल्या आम्लानं स्वतःला रोखतो. तिसरा मार्ग लोह आणि मँगनीज यांच्या मदतीनं साध्या ऑक्सिजनचा. धूळ आणि राखेतून हे धातू थेंबात येतात. सूर्यप्रकाश कमी, पेरॉक्साइड कमी, अशा हिवाळी धुक्यात या मार्गाचं महत्त्व वाढतं. दाट शहरी धुक्यात नायट्रोजन डायऑक्साइडही हे काम करतो. डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर पाच दिवस बसलेल्या धुक्यातलं आम्ल बनण्यात त्याचा मोठा हात असावा, असं अलीकडचं संशोधन सुचवतं.

आता एक मुद्दा जो वाचकांकडून हमखास सुटतो. बहुतेक ढग पाऊस न पाडताच विरून जातात. थेंब बनतात, त्यांच्यात रसायनं घडतात, हवा पुन्हा कोरडी होते आणि पाणी वाफ होऊन निघून जातं. सल्फेट मात्र जात नाही. प्रत्येक थेंबाच्या जागी सल्फेटचा एक कण उरतो, आधीच्या कणापेक्षा थोडा मोठा. हा कण पुढच्या ढगात पुन्हा थेंबाचं बीज होतो. खरं तर पाण्याच्या वाफेला थेंब व्हायला असा एखादा कण लागतोच, आणि सल्फेट पाण्याला धरून ठेवणारं असल्यामुळे ते यासाठी उत्तम. एकच कण पावसातून खाली येण्याआधी अनेक ढगांतून गेलेला असू शकतो. वायू साधारण एक-दोन दिवस हवेत टिकतो. त्यातला बराचसा तर ढगापर्यंत पोचतही नाही. झाडं, माती, पाणी यांना थेट चिकटतो. सल्फेटचे कण मात्र चार-पाच दिवस ते आठवडाभर तरंगत राहतात आणि तेवढ्यात वारा त्यांना हजारभर किलोमीटर सहज नेतो.

मग पाऊस. ढगातल्या थेंबाचा व्यास असतो सुमारे 20 मायक्रोमीटर आणि पावसाच्या मध्यम थेंबाचा 2 मिलिमीटर. व्यास शंभरपट, म्हणजे आकारमान दहा लाखपट. पावसाचा एक थेंब ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र येऊन बनतो. त्या प्रत्येकात बीज म्हणून आलेलं सल्फेट आणि ढगात बनलेलं सल्फेट दोन्ही असतं. पावसात सापडणारं गंधक प्रामुख्यानं हे.

ढगाच्या पायथ्यापासून जमिनीपर्यंतच्या प्रवासात थेंब आणखी काही गोळा करतो, पण त्याचा आवाका मर्यादित आहे. 2 मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास वेगानं पडतो, म्हणजे 1 किलोमीटर अंतर अडीच मिनिटांत कापतो. तेवढ्यात थोडा वायू विरघळतो. कणांचं तर आणखी अवघड. मोठी धूळ थेंबाला आदळते आणि अडकते. अगदी सूक्ष्म कण इकडेतिकडे भिरभिरत येऊन चिकटतात. पण 0.1 ते 1 मायक्रोमीटरच्या दरम्यानचे कण थेंबाभोवतीच्या हवेच्या झोताबरोबर बाजूला सरकतात आणि सुटतात. सल्फेटचं बहुतेक वस्तुमान नेमकं याच आकाराच्या कणांत असतं. पाऊस पडून गेल्यावरही धुरकट हवा पूर्ण स्वच्छ होत नाही, याचं हे एक कारण. हेच कण ढगात बीज म्हणून पकडले जातात तेव्हा मात्र जवळजवळ सगळे सापडतात.

एका सरीतही प्रमाण सारखं राहत नाही. सुरुवातीच्या पाण्यात सल्फेट सर्वाधिक असतं, पुढे ते उतरत जातं. हलक्या सरींचं पाणी तीव्र असतं, मुसळधार पावसाचं सौम्य. पण जमिनीवर किती गंधक पडलं हे पाहायचं तर तीव्रतेला पावसाच्या मिलिमीटरनं गुणावं लागतं: लिटरला 1 मिलिग्रॅम सल्फेट आणि 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर 1 मिलिग्रॅम. वर्षाला 1000 मिलिमीटर पाऊस आणि सरासरी 2 मिलिग्रॅम सल्फेट असेल तर हेक्टरी 20 किलो सल्फेट, म्हणजे पावणेसात किलोच्या आसपास गंधक. डोंगरमाथ्यावर जंगलं वारंवार ढगातच बुडालेली असतात. तिथे झाडांची पानं आणि सुया ढगाचे थेंब थेट वाऱ्यातून टिपतात, आणि ढगाचं पाणी पावसापेक्षा अनेकपट तीव्र असतं. पर्जन्यमापकात हा भाग दिसतच नाही. चेक प्रजासत्ताक, जर्मनी आणि पोलंड यांच्या सीमेवरच्या डोंगरांतली स्प्रूसची जंगलं 1970-80 च्या दशकांत मोठ्या प्रमाणावर मेली. खालच्या खोऱ्यांत गंधकयुक्त लिग्नाइट (तपकिरी कोळसा) जाळणारी वीज केंद्रं होती, आणि थेट वायूबरोबर झाडांवर जमणाऱ्या, गोठणाऱ्या या ढगाच्या थेंबांचाही त्यात वाटा होता.

सामूबद्दल इथेच सांगून टाकते, कारण लोक सगळ्यात आधी तोच विचारतात. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे स्वच्छ पावसाचाही सामू 5.6 च्या आसपास असतो. पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅम सल्फेट पूर्णपणे आम्लाच्या रूपात असेल तर सामू 4.7 होतो, 2 मिलिग्रॅम असेल तर 4.4. नोंदीत याहून टोकाची उदाहरणंही आहेत: 10 एप्रिल 1974 ला स्कॉटलंडमधल्या पिटलॉक्री इथे पडलेल्या पावसाचा सामू 2.4 मोजला गेला होता. पण सल्फेट भरपूर असूनही सामू 6 च्या वर असू शकतो. हवेत चुनखडीची धूळ किंवा अमोनिया असेल तर आम्ल वाटेतच उदासीन होतं. कॅल्शियम सल्फेट किंवा अमोनियम सल्फेट होऊन ते खाली येतं. गंधक तेवढंच, सामू निरागस. म्हणून नुसता सामू पाहून ‘आमच्याकडे गंधकाचं प्रदूषण नाही’ असं म्हणणाऱ्या अहवालावर मी कधीच विश्वास ठेवत नाही. शिवाय अमोनियम सल्फेट जमिनीत गेलं की जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात आणि त्यात आम्ल पुन्हा मोकळं होतं.

आता बर्फ. इथे गोष्ट खरोखर वेगळी आहे.

थंड ढगात शून्याखाली 15-20 अंशांपर्यंतही बरेच थेंब न गोठता पाण्याच्याच रूपात राहतात. त्यांच्यात वर सांगितलेली सगळी रसायनं चालू असतात. त्याच ढगात काही हिमस्फटिक असतात. बर्फावरचा बाष्पदाब पाण्यावरच्यापेक्षा कमी असल्यानं वाफ थेंबांतून निघून स्फटिकांवर जमते. थेंब आटतात, स्फटिक वाढतात. पण स्थलांतर होतं ते फक्त वाफेचं, म्हणजे शुद्ध पाण्याचं. सल्फेट आटलेल्या थेंबाच्या जागी कण होऊन हवेतच मागे राहतं. त्यामुळे केवळ वाफेतून वाढलेले सुबक, सहा बाजूंचे, स्वच्छ स्फटिक रासायनिकदृष्ट्याही स्वच्छ असतात.

दुसऱ्या प्रकारचं हिम असतं ते स्फटिकाला आदळून गोठलेल्या थेंबांनी लडबडलेलं. भिंगाखाली पाहिलं तर स्फटिकाच्या फांद्यांवर बारीक पांढऱ्या गोळ्यांचा थर दिसतो. फारच झाला तर मूळ आकार ओळखूही येत नाही आणि साबुदाण्यासारखे मऊ दाणे होतात. या गोठलेल्या थेंबांबरोबर त्यांच्यातलं सल्फेट जसंच्या तसं स्फटिकावर येतं. थेंबात नुसता विरघळलेला सल्फर डायऑक्साइड गोठताना काही प्रमाणात निसटतो, सल्फेट निसटत नाही. एकाच वादळात, एकाच ठिकाणी, काही तासांच्या अंतरानं गोळा केलेल्या हिमात सल्फेटचं प्रमाण अनेकपट वेगळं येतं. म्हणून हिमाचा नमुना घेताना स्फटिक कसे आहेत याची नोंद करायची सवय असावी. नुसत्या आकड्यावरून हा फरक कळत नाही.

बर्फाच्या पृष्ठभागाला सल्फर डायऑक्साइड फारसा चिकटत नाही. नायट्रिक आम्लाची वाफ मात्र सहज चिकटते. त्यामुळे कडक थंडीच्या भुरभुर हिमात नायट्रेटचा वाटा सल्फेटच्या मानानं वाढलेला दिसतो. जमिनीवर साचलेल्या कोरड्या, थंड बर्फावरही हवेतला सल्फर डायऑक्साइड हळू जमतो. बर्फ ओलसर होऊन वितळू लागला की तो शोषण्याचा वेग वाढतो. कणांच्या बाबतीत हिम पावसाला मागे टाकतं. हिमफूल सेकंदाला मीटरभर वेगानं, म्हणजे पावसाच्या मानानं रेंगाळत खाली येतं. त्याचा पृष्ठभाग मोठा असतो आणि फांद्यांमधून हवा वाहते, त्यामुळे ढगाखालचे कण ते पावसापेक्षा चांगले पकडतं.

पण बर्फाचा खरा धोका पडताना नसतो, वितळताना असतो. हिवाळाभर थरावर थर साचतात, त्यांतलं सल्फेट तिथेच पडून राहतं. बर्फाच्या स्फटिकरचनेत सल्फेट आयनांना जागा नाही. थरातले कण तापमानाच्या चढउतारानं जुने होतात, मोठे होतात, थोडे वितळून पुन्हा गोठतात, आणि प्रत्येक वेळी आयन आतून बाहेर, कणांच्या पृष्ठभागावर आणि सांध्यांत ढकलले जातात. वसंतात पहिलं पाणी थरातून झिरपायला लागलं की ते हे सगळं आधी धुऊन घेतं. नॉर्वेत 1970 च्या दशकात झालेल्या प्रयोगांत वितळलेल्या पहिल्या 30 टक्के पाण्यातच 50 ते 80 टक्के प्रदूषक निघून गेलेले आढळले. त्यातही क्रम असतो: सल्फेट आणि नायट्रेट लवकर, क्लोराइड मागाहून. परिणामी ओढ्यांना काही दिवस असं पाणी मिळतं, जे वर्षभराच्या सरासरीपेक्षा कितीतरी आम्लधर्मी असतं. जमीन अजून गोठलेली असते, त्यामुळे मातीला ते उदासीन करायची संधी मिळत नाही. जिथे ते मातीतून जातं तिथे ॲल्युमिनियम विरघळवून नेतं, आणि ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांवर बसतं. 1975 च्या वसंतात नॉर्वेतल्या टोव्हडाल नदीत ट्राउट मासे मोठ्या संख्येनं मेले ते असेच. वर्षाच्या सरासरीवर लक्ष ठेवणाऱ्याला हे दिवस दिसतच नाहीत. माझा आग्रह असतो की बर्फाच्या प्रदेशात वितळण्याच्या पहिल्या आठवड्यांत रोज नमुना घ्यावा, बाकी वर्षभर आठवड्याला एक चालेल.

जिथे बर्फ वितळतच नाही तिथे हाच हिशेब पानापानानं साठून राहतो. ग्रीनलंडच्या हिमगाभ्यांत, म्हणजे बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या लांब नळकांड्यांत, 1783 च्या लाकी ज्वालामुखीच्या उद्रेकाचं सल्फेट ठळक थर म्हणून सापडतं. विसाव्या शतकात सल्फेट चढत जातं, 1970 च्या दशकाच्या सुमारास सर्वाधिक होतं आणि मग उतरतं.

अंतराचा प्रश्न मघाशी अर्धवट राहिला. धूर जवळच पडत असताना त्रास जवळच्यांना होत होता, म्हणून उंच धुराडी बांधली गेली. कॅनडातल्या सडबरी इथल्या निकेल भट्टीचं 381 मीटरचं धुराडं 1972 मध्ये सुरू झालं आणि आसपासची हवा सुधारली. पण उंचावर सोडलेला वायू जमिनीला लवकर चिकटत नाही. त्याला ढगापर्यंत पोचायला आणि सल्फेट व्हायला वेळ मिळतो, आणि सल्फेटला प्रवास करायला. स्वीडनचे मृदाशास्त्रज्ञ स्वांते ओडेन यांनी 1967 मध्ये हेच मांडलं की स्कँडिनेव्हियातल्या आम्लधर्मी पावसाचं गंधक मुख्यतः ब्रिटन आणि मध्य युरोपातून येतंय. त्या वेळी वाद झाला, मग देशोदेशींच्या मोजमापांनी ते सिद्ध झालं आणि 1979 मध्ये जिनिव्हात सीमापार हवा प्रदूषणाचा करार झाला.

कोणी विचारेल, बाटलीतलं सल्फेट धुराड्याचं की समुद्राचं, हे कसं कळतं? पहिली पायरी सोपी आहे. समुद्राच्या पाण्यात सोडियमच्या वजनाच्या सुमारे 0.25 पट सल्फेट असतं आणि तुषारांतून हेच गुणोत्तर पावसात येतं. समजा किनाऱ्याजवळच्या नमुन्यात लिटरला 2 मिलिग्रॅम सल्फेट आणि 4 मिलिग्रॅम सोडियम आहे. त्यातलं 1 मिलिग्रॅम सल्फेट समुद्राचं, उरलेलं 1 इतर ठिकाणचं. पुढे ज्वालामुखी, धूळ आणि इंधन वेगळं करायला गंधकाच्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण मोजतात.

पण त्याआधी नमुना नीट घेतलेला हवा. पाऊस नसताना झाकण बंद राहणारं आणि पहिला थेंब संवेदकावर पडताच उघडणारं यंत्र वापरावं. उघड्या भांड्यात कोरडी धूळही जमते आणि आकडा फुगतो. प्रयोगशाळेत नमुना आला की मी आधी धन आणि ऋण आयनांचा ताळेबंद जुळतो का ते पाहते. नाही जुळला तर काहीतरी मोजायचं राहिलंय किंवा नमुना बिघडलाय. फॉस्फेट आणि अमोनियम एकदम वाढलेले असतील तर बहुधा भांड्यात पक्ष्याची विष्ठा पडलेली असते. असा नमुना बाद. हिवाळ्यातल्या नमुन्यात न बदललेलं सल्फाइटही असू शकतं, आणि बाटली पडून राहिली तर त्याचं सल्फेट होतं. ढगात किती सल्फेट बनलं हे शोधायचं असेल तर ही गफलत महागात पडते, म्हणून अशा नमुन्यांत सल्फाइट घेतल्या जागीच स्थिर करावं लागतं. हिमाचा नमुना बंद पिशवीतच, गरम न करता वितळू द्यावा.

आता शेवटचा प्रश्न, निम्मा धूर तर निम्मं गंधक का? एकूण पृथ्वीचा हिशेब मांडला तर हो, वर गेलेलं सगळं कुठेतरी खाली येणारच. पण एका ठिकाणच्या पावसात तसं सरळ प्रमाण दिसेलच असं नाही. हिवाळ्यातला प्रदूषित ढग घ्या: समजा त्यात सल्फर डायऑक्साइडच्या 10 भागांमागे पेरॉक्साइड फक्त 1 भाग आहे. एका रेणूला एक रेणू लागतो, त्यामुळे या ढगात झटपट सल्फेट बनेल ते 1 भागापुरतंच. बाकी 9 भाग पुढे जातील. आता वायू 10 वरून 5 वर आणला तरी त्या ढगात सल्फेट 1 भागाचंच बनेल. मर्यादा गंधकाची नाही, पेरॉक्साइडची आहे. कपातीचा फायदा आधी कोरड्या मार्गानं जमिनीला चिकटणाऱ्या वायूत आणि वाऱ्याच्या दिशेनं पुढच्या प्रदेशांत दिसतो, स्रोताजवळच्या हिवाळी पावसात उशिरा. उन्हाळ्यात पेरॉक्साइड मुबलक असतं, तेव्हा घट बरीचशी सरळ प्रमाणात दिसते. यात आणखी एक भर पडते: गंधक कमी झालं आणि अमोनिया तसाच राहिला तर ढगाचं पाणी कमी आम्लधर्मी होतं, आणि मघाशी मागे पडलेला ओझोनचा मार्ग पुन्हा वेग घेतो. उरलेल्या वायूचा मोठा हिस्सा मग सल्फेट होतो.

म्हणून कपात सुरू झाल्यावर पहिल्या काही वर्षांत पावसातलं सल्फेट अपेक्षेइतकं उतरलं नाही तर निराश होऊन नियम ढिले करण्याचं काहीही कारण नाही. युरोपात 1980 पासून सल्फर डायऑक्साइडचं उत्सर्जन 80 टक्क्यांहून जास्त घटलं आहे. अमेरिकेत हवा प्रदूषणाबाबतच्या 1990 च्या कायद्यानंतर वीज केंद्रांचं 90 टक्क्यांहून जास्त घटलं. दोन्हीकडे पावसातलं सल्फेट ठळकपणे खाली आलं. जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा 1 जानेवारी 2020 पासून 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आली. धुराड्यात चुनखडीचा फवारा मारून गंधकाचं जिप्सम करण्याचं तंत्र जुनं आणि खात्रीचं आहे. तुमच्या भागातली आकडेवारी तपासायची असेल तर सामूच्या रकान्याआधी समुद्राचा वाटा वजा केलेलं सल्फेट पाहा. उन्हाळा आणि हिवाळा वेगळे काढा, आणि त्याच वर्षांचं पर्जन्यमान शेजारी ठेवा. या तीन गोष्टी न देणाऱ्या तक्त्यावरून सल्फेट वाढलं की घटलं, हे ठरवता येत नाही.